कोणत्याही एका घरात तीस दिवस

मी, व्हर्जिल थॅडियस नोविकी, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा पूर्वी मोटारींच्या पत्र्याचे व रंगाचे काम, मूळचा टोलेडो, ओहायो येथील, सध्या राहणार घर क्रमांक ४१७, इग्रेट लेन, मस्कडाइन ग्रोव्ह, फ्लोरिडा, आज स्वतःच्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवतो. माझे हृदय निकामी होत आले आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या पश्चात कोणीतरी नक्की म्हणणार की म्हातारा रागाच्या भरात होता. रागात आहे, हे मीच लिहून देतो. राग आला म्हणून माणसाची शुद्ध हरपत नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते माझी बायको लोरेटा हयात असताना केले होते आणि त्यात सगळ्यांना खूश ठेवण्याचा प्रयत्न होता.

वकीलबाई प्रिसिला ओर्टेगा यांनी हा मजकूर दोनदा वाचला. "नोविकीसाहेब, यातलं निम्मं कायद्याच्या कामाचं नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "ते निम्मं माझ्या कामाचं आहे. राहू द्या." म्हणून राहिले आहे.

कलम १. अंत्यविधी. आमच्या या निवृत्तांच्या वसाहतीत कोणी गेले की गोल्फ कार्टांची, म्हणजे इथे सगळे ज्या छोट्या विजेरी गाड्यांतून फिरतात त्यांची, मिरवणूक निघते. आरशांना काळ्या फिती बांधून चाळीस-पन्नास गाड्या तळ्याभोवती फेरी मारतात, झेंड्याच्या खांबाशी एकदम हॉर्न वाजवतात आणि मग सगळे क्लबात बटाट्याचे सॅलड खायला जातात. अशा कितीतरी मिरवणुकांत मीही गेलो आहे. खरे सांगायचे तर निम्म्या वेळा गेलेला माणूस कोण हे मला आठवत नसे, त्याची गाडी आठवत असे. माझ्यासाठी मिरवणूक काढू नये. माझे दहन करावे आणि राख टोलेडोला लोरेटाच्या शेजारी ठेवावी. ज्यांना फारच उमाळा येईल त्यांनी तळ्यापर्यंत चालत यावे. इथे चालत कोण येतो ते मला चांगले माहीत आहे.

कलम २. घर. घर क्रमांक ४१७, त्यातील सामान, गॅरेज आणि मागचे लिंबाचे झाड माझी मुलगी रेनाटा मेरी नोविकी हिला मिळावे. तिला एकटीला. तिचा भाऊ हिस्सा मागू लागल्यास कलम ४ वाचून दाखवावे.

घर तिचे होईल, पण तिला त्यात राहता येणार नाही. हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. मस्कडाइन ग्रोव्हमध्ये वयाची पंचावन्न वर्षे पुरी झाल्याशिवाय कोणाला राहता येत नाही. घर नावावर करता येते, त्याचा कर भरता येतो, गवत कापून घेता येते, पण उशी घेऊन झोपता येत नाही. रेनाटाला मार्च २०२५ मध्ये पंचावन्न पुरी होतील. आज सोळा महिने कमी आहेत. गुडघे दुखणारी, चष्मा दोन ठिकाणी विसरणारी बाई वयाने लहान पडते, हे मी आयुष्यात इथेच ऐकले.

लोरेटा गेली तेव्हा ही मुलगी तीन दिवसांसाठी आली होती. मी डब्यातले बीन्स गरम न करता खातो हे तिने पाहिले आणि टोलेडोची सव्वीस वर्षांची नोकरी सोडली, तिथले घर विकले. आता तिथे तिचे काही नाही. पहिल्या वर्षी ती पाहुण्यांच्या नियमाप्रमाणे तीस दिवस माझ्याकडे राहायची आणि पुढचे तीस दिवस फाटकाबाहेर, लाँड्रीच्या वरच्या खोलीत; ती खोलीही आता दुसऱ्याला भाड्याने गेली आहे. त्या तीस दिवसांत मी पुन्हा बीन्स खायचो. मग माझे हृदय बिघडले, डॉक्टरांनी पत्र दिले आणि व्यवस्थापन समितीने मोठ्या मनाने एक नारिंगी कार्ड दिले. त्यावर लिहिले आहे: पाहुणी, सेवेसाठी. ते गाडीच्या आरशाला लटकवावे लागते. दुधाची बाटली आणायला गेली तरी परतताना फाटकावरचा माणूस विचारतो, "कुणाकडे आलात?" ती म्हणते, "घरी." तो विचारतो, "कुणाच्या?" दोन वर्षे हे चालले आहे. माणूस तोच आहे.

या सप्टेंबरात समितीचे पत्र आले की सेवा संपल्यापासून सात दिवसांत सदर पाहुणीने वसाहत सोडावी. सेवा संपणे म्हणजे मी मरणे. तेवढे स्वच्छ लिहायची कोणाची छाती झाली नाही. पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेनाटाने ते फ्रिजवर लावले आणि सूप ढवळायला वळली.

"बाबा, तुम्ही हे डोक्यात घेऊ नका."

"मग कशात घेऊ?"

"गोळ्या घ्या."

मी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारले, मार्च २०२५ पर्यंत मला ढकलता येईल का. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "व्हर्जिल, हा ख्रिसमस पार पाडू, मग बोलू." म्हणजे मी मेलो की सात दिवसांत माझी मुलगी रस्त्यावर. स्वतःच्या घराची किल्ली हातात घेऊन रस्त्यावर. या मृत्युपत्रात बाकी काय वाटले जाते याला काही अर्थ नाही, एवढे एक माझ्या जिवाला लागले आहे.

कलम ३. गाडी. माझी गोल्फ कार्ट फिरोजी आणि क्रीम रंगाची आहे. तिचे नाक आणि मागचे पंख मी स्वतः पत्रा ठोकून छप्पन्न सालच्या मोटारीसारखे केले, रंगाचे नऊ हात दिले, आणि डोळ्यांना ऊन सोसत नाही म्हणून तिन्ही बाजूंना काळी काच बसवली. वसाहतीत सगळे हिला ओळखतात. मला ओळखतात अशी माझी समजूत होती.

जुलैमध्ये मी एकोणीस दिवस इस्पितळात होतो. रेनाटा हीच गाडी घेऊन औषधे आणायची, टपाल घ्यायची, बस थांब्यापर्यंत जायची. रस्त्यात जो तो हात हलवायचा, "काय व्हर्जिल, मजेत ना?" काचेतून दिसते काय, तर काहीच नाही. तीही आतून हात हलवायची. एकोणीस दिवस मी नाकातोंडात नळ्या घालून पडलो होतो आणि सगळ्या वसाहतीच्या मते मी रोज बाजारहाट करत होतो. मी घरी आलो तेव्हा पोहण्याच्या तलावावरचे लोक म्हणाले, "व्हर्जिल, परवा तर तू छान दिसत होतास." बारा वर्षे यांच्या गाड्या सजवल्या. एकाला आगीचा बंब करून दिला, एकीला पियानो, एकाला मिसिसिपीवरची बोट चाकांसकट. त्यांनी सलाम केला तो पत्र्याला.

एका बाईने मात्र गाडी थांबवली, खाली वाकली, काचेला डोळे लावले आणि विचारले, "व्हर्जिल कुठाय?" ती अर्लीन टटल, राहणार हेरन कोर्ट. माझ्याशी ती अकरा वर्षे बोललेली नाही. सदर गाडी अर्लीन टटल हिला द्यावी. कारण कलम ६ मध्ये आहे. ते लिहायला मला इतर सगळ्या कलमांहून जास्त वेळ लागला.

कलम ४. हत्यारे व मुलगा. ठोकायच्या हातोड्या, पत्र्यामागे धरायच्या लोखंडी डॉल्या, दोन्ही स्प्रे गन, कंप्रेसर आणि पॉलिश पेपरचे न उघडलेले गठ्ठे गावातील तंत्रशाळेला द्यावेत.

माझा मुलगा ग्रेगरी, राहणार फीनिक्स, याने फोनवर सुचवले की मी घर विकून टाकावे, रेनाटाला तो आपल्याकडे ठेवून घेईल. गॅरेजवर खोली आहे म्हणाला. "आणि बाबा, तिला स्वयंपाकाची आवडही आहे." फुकटची बाई मिळेल असे त्याला म्हणायचे होते, ते त्याने गोड करून म्हटले. आईच्या अंत्यविधीला हा आला आणि विमान चुकू नये म्हणून सगळा वेळ घड्याळ बघत बसला. म्हणून माझे मनगटी घड्याळ ग्रेगरीला द्यावे. दुसरे काही देऊ नये.

कलम ५. एव्हरेट हॉलम. हा निवृत्त वैमानिक आणि समितीचा अध्यक्ष. त्याच्या गाडीला मी विमानाचे अंग करून दिले, पाच आठवडे खपून. गाडी नेताना त्याने खिशातून टेप काढला, मोजले आणि म्हणाला, "शेपटी पाऊण इंच डावीकडे आहे, व्हर्जिल." तेव्हापासून जो भेटेल त्याला हेच सांगतो.

समितीकडे तक्रार याच गृहस्थाने केली. एक तक्ता जोडला: तारीख, वेळ, ठिकाण, आणि गाडीत दिसलेली व्यक्ती. त्या एकोणीस दिवसांत मी इस्पितळात असताना रेनाटा आत राहत होती, मग सेवा कोणाची चालली होती, असा त्याचा प्रश्न. म्हणजे मी गाडीत नाही हे सगळ्या वसाहतीत ज्या दोघांच्या ध्यानात आले त्यांतला दुसरा हा. एकीने विचारपूस केली, याने वही काढली.

मी वॉकर घेऊन त्याच्या दारी गेलो. दोन ठिकाणी टेकावे लागले. तो दारातच उभा राहिला.

"एव्हरेट, ती माझी पोर आहे."

"माझं काही वैयक्तिक नाही रे. कार्ड सेवेचं होतं."

"सोळा महिन्यांचा प्रश्न आहे. सोळा महिने डोळे मीट."

"आज तुझ्यासाठी मिटले तर उद्या कुणासाठीही मिटावे लागतील." मग तो हसला आणि म्हणाला, "आणि नियम मी नाही केला, व्हर्जिल. कुणी लिहिला ते तुला आठवत असेल."

एव्हरेटला मी त्याच्या शेपटीचा मूळ कागदी नमुना ठेवतो आहे. त्याने तो लावून बघावा. शेपटी सरळ आहे. त्याच्या गॅरेजची फरशी उतरती आहे. मी हे त्याला पहिल्याच दिवशी सांगू शकलो असतो, पण पाऊण इंचासाठी त्याला इतकी वर्षे झुरताना बघण्यात मला सुख होते.

कलम ६. नियम. हे कलम काढू नये. वकीलबाईंनाही तसे बजावले आहे.

अर्लीनचा नवरा रॉय हा नॉक्सव्हिलला शहराची बस चालवायचा. तो गेल्यावर अर्लीन इथे आली ती मुलाला घेऊन. वेन, तेव्हा वय शेहेचाळीस, मनाने सात-आठ वर्षांचा. त्याला बसचे वेड. अर्लीनने मला गाडी करायला सांगितली आणि मी तिला पिवळी सिटी बस करून दिली. खिडक्यांवरून दोरी नेली आणि दोरीला खरी घंटा बांधली. वेन प्रत्येक वळणावर दोरी ओढायचा. घंटा वाजायची, आई गाडी थांबवायची, तो खाली उतरायचा, पुन्हा चढायचा. दिवसाला शंभर वेळा. पहिला आठवडा सगळ्यांनी कौतुक केले. दुसऱ्या आठवड्यात तलावावर लोक कुरकुरू लागले. मीही कुरकुरलो. माझीच घंटा माझ्या डोक्यात जाऊ लागली.

तेव्हा इथे वयाचा नियम ढिला होता, घरात एक जण पंचावन्नच्या वरचा असला की चालत असे. सभेत कोणी म्हणाले, नीट काहीतरी लिहून काढा. सगळे आढेवेढे घेत होते. मी खिशातून रंगाचे नमुना कार्ड काढले आणि त्याच्या पाठीवर लिहिले: पंचावन्न वर्षांखालील व्यक्ती कोणत्याही एका घरात सलग तीस दिवसांपेक्षा जास्त राहणार नाही, आणि त्यानंतर तीस दिवस त्या घरात येणार नाही. ते जसेच्या तसे मतास टाकले गेले. मी हात वर केला. अर्लीन समोरच्या रांगेत बसली होती. तिने मागे वळून हात मोजले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितले.

दोन दिवसांनी ती माझ्या दारी आली. "व्हर्जिल, वेनला तुझ्याकडे महिनाभर..." एवढेच बोलली. मी तिला पुढे बोलू दिले नाही. म्हटले, गॅरेजमध्ये रंगाचा वास असतो, त्याच्या छातीला बरा नाही. लोरेटा माझ्या मागे उभी होती. दार लावल्यावर ती म्हणाली, "तिचं ऐकून तरी घ्यायचंस." आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

वेनला दीड तासावरच्या एका आश्रमात ठेवले. आई दर रविवारी जायची. दोन वर्षांनी न्यूमोनियाने तो गेला. मिरवणूक निघाली नाही, कारण तो इथला रहिवासी नव्हता.

मी लिहून देतो की त्याला मी बाहेर काढले. समितीने नाही, एव्हरेटने नाही. मी कार्डावर लिहिले आणि मी हात वर केला. आज माझ्या मुलीला जो कागद बाहेर काढतो आहे, त्यावरचे अक्षर माझे आहे. एवढी वर्षे मी एव्हरेटवर, ग्रेगरीवर, फाटकावरच्या माणसावर संतापलो, पण खरी चीड मला माझीच येते आणि ती कोणाला वाटून देता येत नाही.

कलम ७. सही करण्यापूर्वी, त्याच दिवशी जोडलेले. वकीलबाईंनी सांगितले होते की दोन साक्षीदार हवेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये. एक साक्षीदार घरी येणारी परिचारिका युलाली ओगस्टिन. दुसरी रेनाटाने बोलावली. तिला जुने काही ठाऊक नाही. इथे जिने तिच्याकडे माझी चौकशी केली अशी एकच बाई तिला माहीत, म्हणून ती अर्लीनला घेऊन आली. मी नको म्हणणार होतो, तोवर अर्लीन खुर्ची ओढून बसली होती.

वकीलबाई म्हणाल्या, "टटलबाई, तुमच्या नावे यात एक गाडी आहे. तेव्हा तुम्हाला सही करता येणार नाही."

"आधी वाचून तर दाखवा," अर्लीन म्हणाली.

कलम ६ वकीलबाईंनी वाचले. मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. रेनाटा सिंकपाशी उभी होती, नळ बंद करून.

वाचून झाल्यावर अर्लीन म्हणाली, "एक चुकलंय. महिनाभर ठेव, असं मी म्हणत नव्हते. तू मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस. तुझ्याच कार्डावर लिहिलं होतंस, कोणत्याही एका घरात. एका. मी ते घरी नेऊन चार वेळा वाचलं. तीस दिवस तुझ्याकडे, तीस दिवस माझ्याकडे, पुन्हा तुझ्याकडे. कुणाला हात लावता आला नसता. मला फक्त दुसरं एक घर हवं होतं. तुझ्यानंतर मी अकरा दारं वाजवली."

मी पडलो मोटारीचा पत्रा सरळ करणारा माणूस, मला कागदावरचे शब्द तोलायची सवय नाही. एका हा शब्द मी सहज टाकला होता. तेवढ्या एका शब्दात तिचा मुलगा घरी राहू शकला असता.

अर्लीन रेनाटाकडे वळली. "सोळा महिने ना? म्हणजे आठ खेपा तिकडे, आठ इकडे. वेनची खोली रिकामी आहे. पलंग जरा लहान आहे, पण तूही काही उंच नाहीस."

रेनाटा म्हणाली, "बाई, तुम्ही हे कशासाठी करता?"

"त्याच्यासाठी नाही करत," अर्लीन म्हणाली, आणि बोट माझ्याकडे केले.

वकीलबाईंनी नियमाची प्रत मागवून घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाल्या की हे बसते. तेव्हा मी अर्लीनला म्हटले, "गाडी तरी घे. सहीला दुसरं कुणी शोधू. अकरा वर्षांनंतर मला एवढं तरी करू दे." माझा आवाज चढला होता. मला राग येत होता की ती घेत नाही, आणि हेही कळत होते की तो राग आता माझ्या कामाचा नाही.

"नाही," ती म्हणाली. "साक्षीदाराला काही देता येत नाही ना? मग मी साक्षीदारच होणार. पेन कुठाय?"

त्यामुळे पुढील दुरुस्ती करण्यात येत आहे. कलम ३ मधील गाडी रेनाटाला मिळावी. माझ्या मृत्यूनंतर रेनाटाने या घरात व हेरन कोर्टमधील घरात आळीपाळीने, नियमाच्या शब्दाला धरून, तीस-तीस दिवस राहावे, आणि मार्च २०२५ नंतर या घरात तिला हवे तितके दिवस राहावे. समितीने हरकत घेतल्यास ज्याच्या पाठीवर मी नियम लिहिला ते मूळ नमुना कार्ड वकीलबाईंच्या ताब्यात आहे, ते दाखवावे. अक्षर ओळखायला मी नसेन, पण एव्हरेट ओळखेल. अर्लीन टटल हिला या मृत्युपत्रान्वये काहीही दिलेले नाही. देऊ केले होते, तिने घेतले नाही.

वरील सर्व मी वाचून घेतले, ते माझेच म्हणणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करतो.

(सही) व्हर्जिल टी. नोविकी

आमच्या समोर सही झाली. सही करताना ते शुद्धीवर होते.

साक्षीदार १: (सही) युलाली ओगस्टिन, परिचारिका
साक्षीदार २: (सही) अर्लीन टटल, वेन टटल याची आई, राहणार हेरन कोर्ट

ठिकाण: इग्रेट लेन, मस्कडाइन ग्रोव्ह, फ्लोरिडा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३